इंजिनाचा श्वास

पूर्वीं मालवणच्या बाजारांत दोन गृहस्थ भेटले म्हणजे पावसापाण्याची आणि आंब्याच्या मोहोराची विचारपूस होत असे. आतां कोणी नवी गाडी घेतल्याचें कळलें कीं त्याच्या प्रकृतीच्या आधीं गाडीच्या प्रकृतीची चौकशी होते, व ती एकाच प्रश्नानें होते : "अॅव्हरेज काय देते?" मूळ इंग्रजींत या शब्दाचा अर्थ सरासरी एवढाच; परंतु योगापेक्षां रूढि बलवत्तर या न्यायानें आमच्याकडे एका लिटर पेट्रोलांत गाडी किती किलोमीटर जाते, हा त्याचा अर्थ पक्का झाला आहे. या प्रश्नाला खरें उत्तर क्वचितच मिळतें. ज्यानें गाडी नुकती घेतली असेल तो पांच किलोमीटर वाढवून सांगतो, आणि ज्याला ती विकावयाची असेल तो दहा.

गेल्या चैत्रांत हाच प्रश्न आमच्या घरांत निराळ्या रूपानें आला. आमचें कुटुंब एकत्र आहे. लहानमोठीं मिळून तेरा माणसें, मुलांच्या तीन दुचाक्या, थोरल्या बंधूंची (त्यांस आम्ही सर्व अण्णा म्हणतों) जुनी दोन-स्ट्रोकची स्कूटर, जी त्यांच्यावांचून दुसऱ्या कोणाच्या लाथेला दाद देत नाहीं, आणि पोफळीच्या बागेंतला पेट्रोलवर चालणारा पंप. आंब्याचा पैसा आला कीं तो सामाईक डब्यांत जातो. डबा आतां बँकेंत आहे, तरी म्हणावयाचें डबाच. यंदा त्या पैशांतून माजघरावरचें छप्पर उतरून वासे व कौलें बदलावयाचें ठरलें होतें. कारण गेल्या श्रावणांत वहिनींनीं ठिबकांखालीं मांडलेलीं भांडीं मोजलीं तर तीं सात भरलीं, आणि आठवें मांडावयास जागा उरली नव्हती.

अशा वेळीं चि. बंडू पुण्याहून रजेवर आला. हा आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा. यंत्रविद्येचा डिप्लोमा घेऊन एका कारखान्यांत नोकरीस आहे. रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें खिशांतून पत्र्याचें एक कडें काढून अण्णांपुढें ठेवलें. कड्याच्या आंत पंख्यासारखीं सहा वळलेलीं पातीं होतीं. हें कडें इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या नळींत बसवावयाचें. म्हणजे हवा भोवऱ्यासारखी फिरत आंत जाते, पेट्रोल तींत एकजीव होतें, व अॅव्हरेज वीस टक्क्यांनीं वाढतें, असें त्याचें म्हणणें. त्यानें अशीं चाळीस कडीं करून घेतलीं होतीं, ओळखीच्या बावीस जणांकडून आगाऊ पैसेहि घेतले होते. नोकरी सोडून कुडाळच्या औद्योगिक वसाहतींत एक लहानशी शेड घ्यावी, असा त्याचा बेत. आणि त्यासाठीं छपराचा पैसा एक वर्षापुरता त्याला हवा होता.

अण्णांनीं कडें हातांत घेऊन दिव्याशीं धरलें, त्यांतून आढ्याकडे पाहिलें, आणि तें आमच्यापुढें सरकवलें. "नाना, तूं मास्तर. तूं तपासून सांग. पैसा मी देईन किंवा देणार नाहीं. पण न समजतां दोन्हींतलें एकहि करणार नाहीं."

आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, व त्यापुढें पाठशाळेंतील संस्कृताचें. उभा जन्म मुलांकडून रूपें व समास घोकून घेण्यांत गेला. तथापि कठीण वाक्याचा अन्वय लावावयास जी शिस्त लागते तीच यंत्राचा अन्वय लावावयासहि लागत असली पाहिजे, असें मनाशीं म्हणून आम्ही बंडूचींच जुनीं पुस्तकें उघडलीं, आणि संध्याकाळीं बाजारांतल्या मेस्त्रींच्या गॅरेजांत जाऊन बसूं लागलों. मेस्त्री आमचे जुने विद्यार्थी. शाळेंत असतांना त्यांना एक विभक्ति धड साधली नाहीं. येथें मात्र ते हातांत पान्हा घेऊन आम्हांस चार चार वेळां समजावून सांगत, आणि आम्ही समजलों कीं नाहीं हें पाहण्यासाठीं उलट प्रश्नहि विचारीत.

पेट्रोलची गाडी पेट्रोल पिते हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु पेट्रोलाच्या कितीतरी पट ती हवा खाते, हें थोड्यांच्याच ध्यानांत येतें. वजनानें पाहिलें तर १ भाग पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलाचें वजन पाऊण किलोच्या आंतबाहेर. म्हणजे त्याला हवा झाली अकरा किलो. आणि अकरा किलो हवा म्हणजे जवळजवळ ९,००० लिटर. आमचें देवघर गच्च भरेल इतकी! लिटरभर पेट्रोल जाळावयाचें तर देवघरभर हवा त्या बोटभर रुंदीच्या नळींतून ओढून घ्यावी लागते. पेट्रोलास पैसे पडतात म्हणून त्याचा हिशेब सर्व ठेवतात. हवा फुकट, म्हणून तिची वाट कशी आहे हें कोणी पाहत नाहीं. परंतु इंजिन करणारांनीं गेल्या शंभर-सवाशें वर्षांत जी डोकेफोड केली तिचा मोठा भाग या फुकटच्या हवेवरच झाला आहे.

जर्मनींतील ओटो यानें १८७६ सालीं चार स्ट्रोकचें इंजिन चालवून दाखविलें. त्याचा क्रम प्राणायामावरून सहज ध्यानांत राहतो. दट्ट्या खालीं येतांना हवा व पेट्रोल आंत ओढतो, तो पूरक. झडपा मिटून दट्ट्या वर जातो व तें मिश्रण दाबतो, तो कुंभक. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटतें, व दट्ट्या खालीं लोटला जातो. याला योगशास्त्रांत जोड नाहीं, आणि नाहीं तेंच बरें. शेवटीं धूर बाहेर टाकणें, तो रेचक. यावरून आपल्या ऋषींना इंजिन अवगत होतें असा निष्कर्ष काढणारी मंडळी हल्लीं पुष्कळ आढळतात. आम्ही त्यांतले नाहीं.

आरंभीं पेट्रोल हवेंत मिसळावयाची रीत अगदीं ढोबळ होती. भांड्यांत पेट्रोल ठेवावयाचें व त्यावरून हवा जाऊं द्यावयाची. जी वाफ मिळेल ती मिळेल. कार्ल बेंझ यांच्या गाडींत हीच सोय होती. १८८८ सालच्या ऑगस्टमध्यें त्यांच्या पत्नी बेर्था यांनीं पतीला न सांगतां दोन मुलांना घेऊन ती गाडी मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, म्हणजे शंभरावर किलोमीटर, नेली. वाटेंत इंधन संपलें तें त्यांनीं एका औषधाच्या दुकानांतून घेतलें, आणि पेट्रोलाची नळी तुंबली ती टोपीच्या टाचणीनें मोकळी केली. आमच्या वहिनींना ही हकीकत सांगितली तेव्हां त्या म्हणाल्या, "म्हणजे नळी साफ करावी लागते हें पहिल्यांदा बाईलाच सुचलं." त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

पुढें १८९३ च्या सुमारास मायबाख यानें फवाऱ्याचा कार्बोरेटर काढला. त्यांतील तत्त्व आपल्या खाडीकांठच्या माणसाला समजावयास अवघड नाहीं. देवबागेपाशीं कर्ली नदी समुद्राला मिळते, तेथें ओहोटीच्या वेळीं रुंद पात्रांतलें पाणी अरुंद मुखांतून कसें धांवत सुटतें तें होडीवाल्यांना विचारावें. हवेचेंहि तसेंच. वाट मध्यें अरुंद केली कीं तेथें हवेचा वेग वाढतो, आणि वेग वाढला कीं दाब उतरतो. हा नियम बर्नूली यानें १७३८ च्या आपल्या ग्रंथांत मांडला. त्या अरुंद गळ्याशीं बारीक भोंकाची पितळी जेट ठेवली म्हणजे उतरलेल्या दाबानें पेट्रोल आपोआप वर खेंचलें जाऊन फवाऱ्यासारखें हवेंत उडतें. यंत्रांत एवढें साधें आणि एवढें चतुर दुसरें कांहीं आमच्या पाहण्यांत नाहीं. आपल्या देशांत १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे कडक नियम आले, तेव्हां नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर बहुतेक गेला व पिचकारीनें मोजून पेट्रोल मारण्याची पद्धति आली. परंतु रस्त्यावर जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत, आणि मेस्त्रींच्या ओसरीवर त्यांचीच रांग असते.

आतां पेट्रोल वाया कोठें जातें? एक ठिकाण असें आहे कीं तें ऐकून आम्हांस नवल वाटलें. आपण गाडी हळू चालवितों तेव्हां मूठ थोडीच पिळलेली असते. म्हणजे हवेच्या वाटेवरचें झांकण जवळजवळ मिटलेलें असतें. दट्ट्या तर तेवढ्याच जोरानें श्वास ओढूं पाहतो. नाक दाबून धरलेल्या माणसाला धांवावयास लावावें तसा हा प्रकार. इंजिनाची कांहीं शक्ति नुसता श्वास घेण्यांतच खर्च होते. यावर युक्ति अशी कीं झांकण मिटण्याऐवजीं आंत घेण्याची झडपच उशिरां मिटावी, म्हणजे जास्तीची हवा हलकेच परत जाते, आणि ओढाताण कमी होते. अॅटकिन्सन नांवाच्या इंग्रजाच्या १८८२ च्या कल्पनेवरून निघालेली ही युक्ति जपानच्या टोयोटा कंपनीनें १९९७ च्या प्रियस गाडींत वापरली. आणखी एक वाट आहे ती शंखाची. पोकळीला व नळीला आपला एक सूर असतो. इंजिन धडधड श्वास घेतें तेव्हां नळींत हवेच्या लाटा उठतात. नळीची लांबी बरोबर साधली तर झडप मिटण्याच्या क्षणीं लाट नेमकी दाराशीं येऊन थोडी अधिक हवा आंत लोटते. आपल्या गाडीच्या बाजूला जी काळी प्लास्टिकची पेटी असते ती नुसती गाळणी ठेवण्याची पेटी नव्हे. तिचा आकार या सुराशीं जुळवून केलेला असतो. नुसता आवाज मोठा यावा म्हणून ती पेटी काढून टाकणारे तरुण मालवणांत आम्ही रोज पाहतों, किंबहुना ऐकतों. कार्बोरेटरच्या गाडीचें त्यानें मिश्रण बिघडतें; आणि जांभ्या दगडाची आपल्याकडची तांबडी धूळ उघड्या नळींतून आंत गेली म्हणजे दट्ट्या व सिलिंडर कानशीनें घांसल्यासारखीं झिजतात.

तिसरी गोष्ट, जिच्यावर बंडूचें कडें उभें होतें, ती भोवऱ्याची. आणि येथें न्यायानें सांगितलें पाहिजे कीं मूळ कल्पना खोटी नाहीं. सिलिंडरांत मिश्रण निपचित पडून राहिलें तर ज्वाला सावकाश पसरते, कांहीं भाग अर्धवट जळतो. तें घुसळलेलें असलें तर ज्वाला झपाट्यानें धांवते. मग मिश्रण थोडें पातळ असलें तरी चालतें, व दाबहि अधिक देतां येतो. इंग्लंडांतील रिकार्डो यानें पहिल्या महायुद्धानंतर याच घुसळणीसाठीं सिलिंडरच्या डोक्याचा आकार बदलून इंजिनाची शक्ति वाढवून दाखविली. आणि दूर कशाला, आपल्या पुण्याच्या बजाज कंपनीनें २००७ सालीं एक्ससीडी नांवाची १२५ सीसीची मोटारसायकल काढली, तिच्या नांवाच्या पुढें डीटीएस-एसआय अशीं अक्षरें होतीं. त्यांतल्या शेवटच्या दोन अक्षरांचा अर्थ स्वर्ल इंडक्शन, म्हणजे भोवऱ्यानें हवा आंत घेणें. त्यांत हवेची वाट सिलिंडरांत अशी तिरकी उतरविली होती कीं हवा आंत शिरतांच गोल फिरूं लागे, आणि तिला पेटवावयास एकाऐवजीं दोन प्लग होते. ती गाडी बाजारांत फार वर्षें टिकली नाहीं. पण तें इंजिनाच्या दोषानें नव्हे, असें मेस्त्रींचें मत आहे, व त्यांच्या मताला आम्ही मान देतों.

मग बंडूचें काय चुकतें? तें आम्हांला पुस्तकांत सांपडलें नाहीं, घरीं सांपडलें. एका सकाळीं वहिनी ताक घुसळीत होत्या. रवी डेऱ्यांत आहे म्हणून लोणी येतें. ओसरीवर बसून रवी फिरविली तर माजघरांतल्या डेऱ्यांत लोणी येणार नाहीं. कंपनीची तिरकी वाट सिलिंडरच्या तोंडाशींच आहे. बंडूचें कडें तेथून वीतभर दूर, गाळणी व कार्बोरेटर यांच्यामध्यें. तेथें हवेला दिलेला भोवरा पुढें कार्बोरेटरच्या गळ्यांतून, अर्धवट मिटलेल्या झांकणाच्या कडेवरून, नळीच्या वळणावरून आणि शेवटीं झडपेच्या फटींतून जावयाचा. इतक्या दारांतून जाऊन तो जिवंत राहतो कसा? उलट सहा पात्यांचा वाटेंत अडथळा मात्र होतो.

मेस्त्रींना आम्ही हें विचारलें, तेव्हां त्यांनीं कडें न पाहतांच उत्तर दिलें : "गुरुजीनू, नाक चोंदला तर माणूस धावतलो कसो? आदी नाक बघा, मगे प्वाट." कार्बोरेटरच्या गाडीची गाळणी तुंबली कीं हवा कमी, ओढ जास्त, आणि पेट्रोल वाजवीपेक्षां अधिक खेंचलें जातें. म्हणून अशा गाडीची गाळणी साफ ठेवली तर खरोखरच पेट्रोल वांचतें. नव्या पिचकारीच्या गाडीचें मात्र निराळें आहे. तिच्या धुराच्या नळींत प्राणवायु मोजणारा सेन्सर असतो. तो हवा कमी झाली कीं पेट्रोलहि कमी करावयास लावतो. तेथें तुंबलेल्या गाळणीनें जोर कमी होतो, पेट्रोल फारसें वाढत नाहीं. आणि याच कारणानें बाहेरून बसविलेल्या कोणत्याहि कड्याला तेथें करण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

अशा युक्त्यांचा इतिहासहि आम्ही चाळला, आणि तो मोठा मौजेचा आहे. कॅनडांतील पोग नांवाच्या गृहस्थांनीं १९३० नंतरच्या दशकांत कार्बोरेटरचीं पेटंटें घेतलीं, व एका गॅलनांत दोनशें मैल गाडी जाते असा त्यांचा गाजावाजा झाला. ती गाडी बाजारांत कधींच आली नाहीं. कंपन्यांनीं ती दडपली, असें मानणारे लोक मात्र अजून आहेत. पुढें तेलाचा भाव चढला तसतशीं चुंबकें, वाफेच्या बाटल्या, पंखे असे शेंकडों उपाय निघाले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें अशा शंभरावर वस्तु तपासल्या. त्यांतल्या फारच थोड्यांनीं किंचित् गुण दाखविला. आपल्या देशांत १९९६ सालीं तमिळनाडूच्या रामर पिळ्ळै यांनीं पाल्यापासून पेट्रोल केल्याचें जाहीर केलें, तेव्हां भलेभले विद्वान् भुलले होते. गरज मोठी असली म्हणजे विश्वास स्वस्त होतो. आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धांतल्या कोळशाच्या मोटारींची गोष्ट सांगत. पेट्रोलावर निर्बंध आले, तेव्हां गाडीच्या पाठीमागें लोखंडी भट्टी बसवून तींत लोणारी कोळसा जाळीत, व त्याचा गॅस नळीनें इंजिनाला पाजीत. त्या गॅसांत सुमारें निम्मा भाग न जळणारा नायट्रोजन. तेव्हां श्वास भरला तरी अंगांत बळ येत नसे. फोंडाघाटांत गाडी दमली कीं उतारू खालीं उतरून तिच्याबरोबर चालत, व कधीं तिला ढकलीत. पण ती युक्ति कोणाला फसविणारी नव्हती. कोळसा किती लागला व गाडी किती गेली, हें सर्वांच्या डोळ्यांसमोर होतें.

डोळ्यांसमोर मोजणें, हेंच आमच्या घरीं व्हावयाचें राहिलें होतें. बंडूनें मोजलें नव्हतें असें नाहीं. कडें बसवून तो स्वतः दोन दिवस गाडीवर हिंडला होता, व वीस टक्क्यांचा आंकडा त्याच्या वहींत लिहिलेला होता. परंतु मोजणारा, चालविणारा व कडें करणारा एकच! पुण्यास वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून आहे; तेथें गाडी रस्त्यावर नेतच नाहींत. ती रुळांवर चढवितात, तिनें किती वेळ किती वेगानें चालावें हें सेकंदासेकंदानें ठरलेलें असतें, आणि धुरांतला कार्बन मोजून पेट्रोल किती जळलें तें काढतात. तेथला आंकडा आपल्या रस्त्यावर मिळत नाहीं, ही लोकांची तक्रार खरी आहे. तेथें वारा नाहीं, खड्डा नाहीं, मागें बसलेला मेहुणा नाहीं. पण दोन गाड्यांची तुलना करावयाची तर सर्व गोष्टी सारख्या ठेवून एकच बदलावी, हें जें तेथलें सूत्र तें आम्हांला पटलें.

आम्ही असें केलें. टाकी बंद करून गाडीला मापाची बाटली लावली. रस्ता एकच, भरडापासून चौक्यापर्यंत व परत. वेळ एकच, सकाळीं सातची. चालविणारी आमची पुतणी सुमन; ती कॉलेजला याच गाडीनें जाते. कडें बसवावयाचें कीं नाहीं हें मेस्त्रींनीं नाणें उडवून ठरवावयाचें, व झांकण लावून टाकावयाचें. सुमनला किंवा आम्हांला सांगावयाचें नाहीं. परत आल्यावर उरलेलें पेट्रोल आम्ही मोजावयाचें. कड्यासह सहा व कड्याविना सहा अशा बारा फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत मेस्त्रींनीं आपला कागद उघडावयाचा नाहीं. बंडूनें ही सर्व व्यवस्था मान्य केली. किंबहुना, मापाची बाटली त्यानेंच जोडून दिली, हें त्याच्याविषयीं सांगितलें पाहिजे.

बारा दिवस गेले. त्या अवधींत घरांत कोणी त्या विषयावर बोलत नसे, परंतु आम्ही मापपात्र हातांत घेतलें कीं माजघरांतला आवाज थांबे. तेराव्या दिवशीं मेस्त्रींनीं कागद आणला. सर्वांत कमी पेट्रोल लागलेली फेरी व सर्वांत अधिक लागलेली फेरी, दोन्ही कड्याविनाच्या निघाल्या; आणि दोन्हीं बाजूंच्या सरासऱ्यांत चहाच्या चमच्याएवढाहि फरक नव्हता. मग केवळ जिज्ञासेनें आम्ही मागल्या चाकांतली हवा पुष्कळ कमी करून सुमनला एकदां पाठविलें, तर बाटली कड्याच्या सर्व फेऱ्यांपेक्षां स्पष्ट खालीं गेली. चाकाच्या हवेला कोणी दुकानांत मांडून विकत नाहीं, म्हणून तिची कोणी आठवण ठेवीत नाहीं.

बंडूनें आंकडे स्वतः दोनदां मांडले. मग तो म्हणाला, "काका, आंकडे खरे आहेत. पण ज्या दहा जणांनीं आधींच कडीं लावलीं त्यांची कोणाची तक्रार नाहीं. ते खूष आहेत. अॅव्हरेज वाढलं असं ते आपणहून सांगतात."

तें खरें होतें, व त्याचें कारणहि उघड होतें. पैसे देऊन कडें बसविलेला मनुष्य पुढें महिनाभर आंकडा पाहत गाडी चालवितो. मूठ हलकेच पिळतो, ब्रेक कमी मारतो, उतारावर गाडी सोडून देतो. त्यानें पेट्रोल वांचतेंच. बंडूच्या स्वतःच्या दोन दिवसांत झालें तें हेंच.

अण्णा इतका वेळ सुपारी कातरीत होते. ते म्हणाले, "मग पैसे तूं कशाचे घेणार? पत्र्याचे, कीं त्याच्या सावध चालविण्याचे?"

"अण्णा, दोन्हीं मिळून त्याचा फायदाच होतो ना?"

"होतो. पण पावतीवर काय लिहिणार तें मला सांग."

बंडूनें उत्तर दिलें नाहीं. दोन दिवस तो जेवणापुरता घरांत येई, एरवीं चिवल्याच्या वाळूंत जाऊन बसे. आमच्या धाकट्या वहिनींनीं, म्हणजे त्याच्या आईनें, आमच्याशीं बोलणें कमी केलें. पोराचें मन मोडलें असें त्यांना वाटलें, आणि त्यांचें वाटणें आम्ही गैर म्हणत नाहीं. त्या कड्यांत त्याची दोन वर्षांची शिल्लक गेली होती. त्याला चार दिवस थांबून सांगावयाचें होतें, असेंहि त्या म्हणाल्या; परंतु कारखान्याचा राजीनामा लिहून त्याच्या पेटींत तयार होता, हें त्यांना ठाऊक नव्हतें. तो त्यानें आम्हांस दाखविला होता.

तिसऱ्या दिवशीं तो बावीस नांवांची यादी घेऊन निघाला, आणि आगाऊ घेतलेले पैसे परत करून आला. सर्वांचे झाले नाहींत. तिघांनीं पैसे घ्यावयाचें साफ नाकारलें. आम्हांला कडेंच द्या, शेजाऱ्याचें अॅव्हरेज वाढलें आहे, असें ते म्हणाले. एकानें तर, तुम्हांला जास्त भावानें दुसरें गिऱ्हाईक मिळालें असेल, असा टोमणाहि मारला. त्या तिघांच्या घरीं दुसऱ्यांदां अण्णा स्वतः गेले, तेव्हां कोठें हिशेब मिटला. उरलेलीं कडीं बंडूनें भंगारवाल्याला दिलीं. एक मात्र आम्हीं मागून घेतलें. तें आमच्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून आहे.

राजीनामा त्यानें पेटींतच फाडला व वैशाखांत तो परत पुण्यास गेला. छप्पर मृगाच्या आधीं चार दिवस पुरें झालें. सामाईक पैशांतून अण्णांनीं बंडूला कांहीं रक्कम देऊं केली होती, ती त्यानें घेतली नाहीं. त्याऐवजीं दर महिन्याला गळ्यांचीं व झडपांचीं कसलीं तरी पुस्तकें मागवितो, व त्यांतल्या आकृति काढून आम्हांस पाठवितो. त्या आम्हांला सर्वच समजतात असें नाहीं, परंतु मेस्त्री त्या भिंतीला लावून ठेवतात.

अण्णांच्या स्कूटरचा विषय राहिला. दोन-स्ट्रोकच्या इंजिनांत पूरक व रेचक एकाच वेळीं चालतात, त्यामुळें नव्यानें आलेल्या मिश्रणाचा बराच भाग, कधीं कधीं चौथा-तिसरा हिस्सासुद्धां, न जळतांच धुराबरोबर निघून जातो. १९८५ सालीं हीरो होंडाची चार स्ट्रोकची सीडी-१०० आली आणि लोकांनीं पाहतां पाहतां तिकडे धांव घेतली ती याचमुळें. शिवाय २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल असतें. लिटरास लिटर धरलें तर इथेनॉलांत पेट्रोलाच्या दोन-तृतीयांशच उष्णता. तेव्हां पूर्वीच्या बेतानें बसविलेली जेट आतां कमी पडते, आणि जुने रबरी भागहि नरम होतात. अण्णांना हें सर्व सांगितलें. स्कूटर विकावयाची नाहीं, एवढेंच ते म्हणाले. बंडूनें दिवाळींत येतांना एका नंबरानें मोठी जेट आणावयाचें कबूल केलें आहे. सध्यांची कोणत्या नंबराची आहे तें पाहून कळवावयाचें काम आमच्याकडे आलें आहे. जेट मेस्त्रींनीं काढून दिली आहे. नंबर तिच्या कडेला फार बारीक कोरलेला असतो, आणि आमचें भिंग सुमनच्या खोलींत आहे.